लेबलवरचा क्यूआर कोड अचानक बंद पडला तर काय? फ्री टूल, छपाई आणि सेफ्टीबद्दल सविस्तर

मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे, सावजी मसाला, काळा मसाला, जवसाची चटणी वगैरे. पाउचच्या लेबलवर टाकायला त्यांनी एका फ्री ऑनलाइन साइटवरून क्यूआर कोड बनवला, स्कॅन केला की सगळ्या मालाची यादी आणि ऑर्डरचा नंबर उघडायचा. लेबलं छापून आली, पाउच दुकानात लागले, आणि काही आठवड्यांनी गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले की ताई, कोड स्कॅन केला तर "हा कोड बंद आहे, चालू करायला प्लॅन घ्या" असं काहीतरी येऊन राहिलं. त्यांचे प्रश्न तीन आहेत: मोबाइलमधे व्हायरस गेला का, छापलेली लेबलं वाया गेली का, आणि पुढच्या लॉटला यूपीआयचा कोड पण असाच बनवून लेबलवर टाकला तर चालेल का.

मी नागपुरात गांधीबागेत लेबलं, पत्रिका, फ्लेक्स यांचं डिझाइन आणि प्रिंटिंगचं काम करतो, बरीच वर्षं झाली. हीच तक्रार घेऊन लोक सारखे येतात, लग्नपत्रिकेवरचा लॉनचा मॅप उघडत नाही, हॉटेलचा मेनू उघडत नाही, म्हणून नीट लिहितो.

पहिलं म्हणजे ताई, व्हायरस नाही. तुमच्या लेबलवर जे छापलंय ते नुसतं अक्षरांचं चित्र आहे, त्याला एक्सपायरी नसते. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमनं गाड्यांच्या पार्ट्सचा हिशेब ठेवायला बनवला, आणि कंपनीनं पेटंट हातात असून लोकांकडून त्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणूनच आज जगात कोणीही फुकट कोड बनवू शकतो. मग ही साइट पैसे कशाचे मागून राहिली? कोडचे नाही, मधल्या रस्त्याचे. तुम्ही तिथे तुमच्या यादीची लिंक टाकली, पण साइटनं कोडच्या आत ती लिंक घातलीच नाही, स्वतःची एक छोटी लिंक घातली. गिऱ्हाईक स्कॅन करतं तेव्हा ते आधी साइटच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरवर, जातं आणि तिथून सर्व्हर त्याला तुमच्या यादीकडे ढकलतो. ट्रायल संपली की सर्व्हरनं ढकलणं थांबवलं, झालं. याला डायनॅमिक कोड म्हणतात. ज्याच्या आत सरळ तुमचीच लिंक असते तो स्टॅटिक, तो कोणीच बंद करू शकत नाही, लिंक जिवंत आहे तोवर तो चालतो.

हे स्वतः तपासून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. फोनचा कॅमेरा किंवा गूगल लेन्स कोडवर धरा पण लिंकवर टॅप करू नका, खाली जे नाव दिसतं ते नुसतं वाचा. तिथे तुमच्या पानाचं नाव दिसलं तर कोड तुमचा. भलत्याच साइटचं नाव आणि पुढे पाच-सात अर्थ नसलेली अक्षरं दिसली तर तो कोड त्यांच्या सर्व्हरवर टांगलेला आहे. काही फोनवर लिंक अर्धीच दिसते, तेव्हा ती कॉपी करून नोट्समधे पेस्ट करा म्हणजे पूर्ण वाचता येते. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे की छपाईची प्लेट बनायच्या आधी कोडच्या आतलं वाचा. लोक स्कॅन करून पाहतात, उघडलं की खुश होतात आणि छापायला पाठवून देतात. उघडणं ही टेस्ट नाही, ट्रायलमधला कोड पण उघडतोच नं.

आता लेबलांचं काय करायचं. शिल्लक लेबलं घरी पडली असतील तर त्यावर नवीन कोडचं छोटं स्टिकर मारा, कुठल्याही प्रेसमधे स्टिकर शीट कटिंग करून मिळते, सगळी लेबलं नव्यानं छापण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पण जे पाउच दुकानात आणि लोकांच्या किचनमधे गेले ते परत येत नाहीत, त्यांच्यासाठी मी म्हणीन की साइटवर महिन्याचा प्लॅन असेल तर तो घ्या आणि माल संपेपर्यंत चालू ठेवा. वर्षाचा घेऊ नका, साइट कितीही डिस्काउंट दाखवो. आणि पैसे भरताना ऑटो-रिन्यू लागून जातं, म्हणून काम झालं की साइटवर प्लॅन कॅन्सल करा आणि तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधे ऑटोपेचं मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, राहिलं का ते पण पाहा, कार्डानं भरले असतील तर बँकेच्या अ‍ॅपमधे. महिन्याचा प्लॅनच नसेल तर सोडून द्या, लेबलवर फोन नंबर छापलेला असेलच, गिऱ्हाईक फोन करतं.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. समजा ती साइटच उद्या बंद झाली. गूगलसारख्या कंपनीनं सुद्धा आपलं लिंक छोटी करायचं टूल बंद करायची घोषणा २०१८ मधे केली होती, तर या कोपऱ्यातल्या फ्री साइटची काय खात्री देणार? आणि बंद झालेल्या साइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, दुसऱ्या कोणी विकत घेतलं तर तुमच्या मसाल्याच्या पाउचवरून लोक थेट त्याच्या पानावर जाणार, मग तिथे जुगाराची जाहिरात असो की आणखी काही, नाव तुमचं खराब होणार. म्हणून छापील मालावर दुसऱ्याच्या सर्व्हरची लिंक मला अजिबात पटत नाही. ज्या गोष्टीचं आयुष्य चार दिवसांचं आहे, म्हणजे एखादा सेल, रेशीमबागेतल्या प्रदर्शनाचा स्टॉल, तिथे चालून जातं. पाउच, दुकानाची पाटी, व्हिजिटिंग कार्ड, गाडीवरचं ब्रँडिंग यांना नाही.

मग आत काय घालायचं? तुम्हाला सगळ्यात सोपं आणि टिकाऊ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची सरळ लिंक, डब्ल्यूए डॉट एमई, मग स्लॅश, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. नंबर बदलत नाही तोवर कोड चालणार, आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस असेल तर कॅटलॉग तिथेच दिसतो. इन्स्टाग्रामची लिंक टाकली तर युजरनेम बदलला की कोड मेला, हे लक्षात ठेवा. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ ठेवली असेल तर शेअरिंग "लिंक असलेल्या कोणालाही" असं करा, नाहीतर गिऱ्हाइकाला परवानगी मागायचं पान येतं, आणि भाव बदलले की जुनी फाइल डिलीट करून नवीन टाकू नका, लिंक बदलून जाते, त्याच फाइलवर नवीन व्हर्जन अपलोड करायची सोय ड्राइव्हमधे आहे ती वापरा. धंदा वाढवायचा विचार असेल तर स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला साधारण हजार-बाराशेच्या घरात पडतं. मग कोडमधे तुमच्याच डोमेनचं एक पान आणि ते पान पाहिजे तिकडे वळवा, म्हणजे डायनॅमिकचा सगळा फायदा आणि चावी तुमच्या हातात. फक्त त्याचं रिन्युअल चुकवायचं नाही, नाहीतर वर सांगितलं तेच तुमच्या डोमेनचं होईल.

"पण मला किती लोकांनी स्कॅन केलं ते कळलं पाहिजे नं" असं बरेच जण म्हणतात आणि तेवढ्यासाठी डायनॅमिक घेतात. त्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. एकाच माणसानं चारदा उघडलं तर चार मोजले जाऊ शकतात, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झाली तर प्रिव्ह्यू बनवणारी मशीनसुद्धा त्यात येऊ शकते, आणि शहर तर ते इंटरनेट कनेक्शनच्या आयपी नंबरवरून अंदाजानं लावतात, मोबाइल डेटावर असलेलं सक्करदऱ्याचं गिऱ्हाईक रिपोर्टात मुंबईचं दिसू शकतं. वरून तुमच्या गिऱ्हाइकाची वेळ, फोनचा प्रकार, आयपी हे सगळं त्या साइटकडे जमा होतं, त्याला कोणी विचारलं नसतं.

साइट वापरायचीच असेल तर ती काय घेऊन राहिली ते पाहा. स्टॅटिक कोड बनवायला लॉगिन लागायचं काहीच कारण नाही, ईमेल आणि फोन मागितला की समजायचं एकतर डायनॅमिक आहे नाहीतर नंबर पाहिजे. मी एक साधी टेस्ट करतो. साइट पूर्ण लोड होऊ द्यायची, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, आणि मग लिंक भरून कोड बनवायचा. बनला म्हणजे काम तुमच्याच ब्राउझरमधे झालं, सर्व्हर लागला नाही. नाही बनला म्हणजे तुम्ही लिहिलेलं त्यांच्याकडे जातं. ही शंभर टक्के गॅरंटी नाही, नेट परत आलं की मागून पाठवू शकतात, म्हणून कोड सेव्ह करून टॅब बंद करायचा आणि मग नेट चालू करायचं. आणि नेट बंद असताना बनलेला कोड सुद्धा आधी सांगितला तसा उघडून वाचायचाच. दुकानाच्या वायफायचा कोड ऑनलाइन बनवणाऱ्यांनी तर हे वाचाच, त्या कोडच्या आत नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरात लिहिलेला असतो, काही लपवलेलं नसतं, जी साइट कोड बनवते तिनं तो वाचला आणि ज्यानं भिंतीवरून फोटो काढला त्यानं पण वाचला. गिऱ्हाइकांना द्यायचं तर राउटरवर गेस्ट नेटवर्क वेगळं करा. आधार, पॅन, बँकेचं काही, हे कोणत्याही कोड बनवायच्या साइटवर टाकू नका.

खरं तर साइटची गरजच नाही. लिब्रेऑफिस फुकट आहे, त्याच्या इन्सर्ट मेनूत ओएलई ऑब्जेक्टमधे क्यूआर आणि बारकोडचं ऑप्शन मिळतं. इंकस्केप पण फुकट, त्यात एक्स्टेन्शन्समधे रेंडर आणि मग बारकोड. तुमचा डिझायनर कोरलवर काम करत असेल तर नव्या व्हर्जनमधे क्यूआर टाकायची सोय आतच आहे, त्याला सांगा ऑनलाइन साइटवरून आणू नको. क्रोम ब्राउझर पण चालू पानाचा कोड बनवून देतो, पण त्याच्या मधोमध छोटा डायनासोर असतो आणि फाइल पीएनजी, दाखवायला ठीक, छपाईला नको. आणखी एक, या फ्री साइटवर "डाउनलोड" लिहिलेली दोन-तीन मोठी हिरवी बटणं असतात, त्यातली जाहिरातीची कोणती हे ओळखू येत नाही. कोडच्या चित्राऐवजी एपीके किंवा ईएक्सई फाइल (अ‍ॅप किंवा प्रोग्रॅम बसवणारी) उतरली तर उघडायची नाही, डिलीट करायची. स्कॅन करायला पण वेगळं अ‍ॅप नको, आजच्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यातच ते असतं.

आता लिमिट, कारण इथे छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं दोघांचं नुकसान होतं. क्यूआर २१ बाय २१ चौकटींपासून १७७ बाय १७७ पर्यंत जातो, सगळ्यात मोठ्यात जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात (इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक बाइट). ऐकायला पुष्कळ वाटतं पण तेवढा दाट कोड फोननं वाचणं मुश्किल. आणि मराठीला जागा जास्त लागते, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-उकार वेगळे मोजून. "नागपूर" म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट. हाच शब्द लिंकमधे असला आणि ब्राउझरमधून लिंक कॉपी केली तर टक्क्याची चिन्हं लागून एका-एका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात, म्हणजे नुसत्या "नागपूर"ची ५४. म्हणून कोणी म्हणालं की मसाल्याची सगळी रेसिपी मराठीत कोडमधेच घालून द्या, तर मी नाही म्हणतो. रेसिपी पानावर ठेवा, कोडमधे लिंक.

लिंकची लांबी किती फरक करते ते पाहा. वर सांगितलेली व्हॉट्सअ‍ॅपची लिंक एचटीटीपीएस धरून बरोबर २६ अक्षरांची होते, नेहमीच्या एम लेव्हलवर (म्हणजे कोडचा १५ टक्के भाग खराब झाला तरी चालतो, लेव्हलचं खाली सांगतो) ती २५ बाय २५ च्या कोडमधे मावते. दोन सेंटिमीटरमधे छापला तर एक चौकट ०.८ मिलिमीटरची. तेच कोणी मॅपची नाहीतर शॉपिंग साइटची २०० अक्षरांची लांबलचक लिंक टाकली तर कोड ५७ बाय ५७ चा होतो आणि त्याच दोन सेंटिमीटरमधे चौकट ०.३५ मिलिमीटरवर येते. पाउचवर शाई जराशी पसरली की दोन चौकटी एकमेकीत मिसळल्या, संपला विषय. लेबलवर दोन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. पाटी किंवा फ्लेक्स असेल तर ढोबळ हिशेब म्हणजे जेवढ्या लांबून स्कॅन करायचं त्याचा दहावा भाग, दोन मीटरवरून पाहिजे तर कोड २० सेंटिमीटर.

कोडच्या चारही बाजूंनी चार-चार चौकटींएवढी कोरी जागा सुटली पाहिजे. डिझाइनमधे जागा कमी पडली की सगळ्यात आधी हीच कापली जाते, बॉर्डर अगदी चिकटवून टाकतात आणि मग फोन कोड शोधतच बसतो. लोगो मधे टाकायची हौस असते, तर कोडमधे खराब झालेला भाग भरून काढायची ताकद असते, लेव्हलप्रमाणे ७, १५, २५ नाहीतर ३० टक्के. लोगो टाकला म्हणजे त्या ताकदीतला मोठा भाग तुम्ही छपाईच्या आधीच खर्च केला. मसाल्याच्या पाउचवर तेलाचा हात लागतो, हळद-तिखट सांडतं, घडी पडते, त्यासाठी ती राखून ठेवा. लोगो कोडच्या शेजारी छापा नं, तिथे तो जास्त चांगला दिसतो.

रंगाचं पण तेच. आपल्या नागपुरात प्रत्येकाला संत्र्याचा रंग पाहिजे असतो, केशरी कोड पांढऱ्यावर. फोनला रंगाशी घेणंदेणं नाही, त्याला काळोख आणि उजेडातला फरक पाहिजे, आणि फिकट केशरी त्याला पांढऱ्यासारखाच दिसतो. काळ्या बॅकग्राउंडवर पांढरा कोड उलटा झाला की काही फोन वाचतात, काही नाही. पांढऱ्यावर काळा, दुसरं काही नको. आणि डिझायनरला सांगा काळा फक्त सिंगल काळ्या शाईत, के शंभर. वेबवरून आणलेला पीएनजी आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) असतो, तो सीएमवायके (छपाईच्या चार शायांत) केला की काळ्यात चारही रंग येतात, मशीनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे एका शाईवर दुसरी नेमकी बसणं, केसभर हललं तरी चौकटींच्या कडांना रंगीत सावली येते. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ वेक्टर, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी, पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला जेपीजी ताणून मोठा केलेला कोड मी छापायला घेत नाही. लॅमिनेशन मॅट करा, ग्लॉसीवर दुकानाच्या ट्यूबलाइटचा चट्टा पडतो. उन्हात राहणारी पाटी असेल तर वर्षात एकदा स्वतः स्कॅन करून पाहा, आपल्याकडचा मे महिना प्रिंटला पण सोडत नाही.

एक कामाचं राहिलं, घटक, वजन, एक्सपायरी, एफएसएसएआय नंबर हे कायद्यानं लेबलवर छापलेलंच पाहिजे. "कोड स्कॅन करा, सगळं दिसेल" असं करून ते काढून टाकता येत नाही.

आता यूपीआय. ताई, इथे माझं स्पष्ट मत आहे की पैशाचा कोड कोणत्याही ऑनलाइन टूलवर बनवायचा नाही. त्या कोडच्या आत तुमचा यूपीआय आयडी आणि नाव एवढंच असतं, आयडीतलं एक अक्षर कोणी बदललं तर डोळ्यांनी काहीच कळणार नाही आणि पैसे दुसरीकडे जात राहतील. तुमच्या बँकेच्या किंवा पेमेंट अ‍ॅपमधून जो कोड डाउनलोड होतो तोच घ्या. डिझाइनमधे बसल्यावर, प्लेट बनायच्या आधी, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून एक रुपया टाका, नाव बरोबर आलं का आणि तुमच्या खात्यात जमा झाला का दोन्ही पाहा. पण पाउचवर तो छापूच नका असं मी म्हणीन. पाउच दुकानातून विकला जातो, पैसे दुकानदाराला द्यायचे असतात, गिऱ्हाईक गोंधळतं, आणि बऱ्याचदा आयडीतच तुमचा मोबाइल नंबर असतो. शिवाय उद्या बँक बदलली की सगळी लेबलं पुन्हा. स्टॉलवर स्टँडी ठेवा, तिथे तो कोड ठीक आहे.

स्टँडी ठेवली की रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव पाहायचं, कारण वरून दुसरं स्टिकर चिकटवून जाण्याचे प्रकार होतात. पैसे आले हे तुमच्या अ‍ॅपमधे किंवा साउंडबॉक्सवर कळलं तरच माल द्यायचा, गिऱ्हाइकाच्या फोनमधला स्क्रीनशॉट धरायचा नाही. आणि हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर कधीच टाकावा लागत नाही. "मोठी ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला की तो चोर आहे, मग तो स्वतःला कोणीही म्हणवो. पैसे गेलेच तर वाट न पाहता १९३० वर फोन लावा आणि बँकेला कळवा, जितका लवकर फोन तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

पुढच्या लॉटला घाई करू नका. लेबलची एक प्रत खऱ्या मटेरियलवर काढून मागा, पाउचमधे मसाला भरा म्हणजे तो फुगल्यावर कोड किती वाकडा होतो ते दिसेल, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं ट्यूबलाइटखाली स्कॅन करा. कोड डिझायनरनं त्याच्या ईमेलवरून कुठल्या साइटवर बनवला असेल तर काम घेतानाच विचारून घ्या, आणि तसं असेल तर ते अकाउंट तुमच्या नावावर झाल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका.